बावीस पायऱ्यांखालची हाक

या, असे पुढे सरकून बसा. दारापाशी नको, तिथवर आवाज पोचत नाही, आणि आजची गोष्ट नेमकी आवाज न पोचल्याचीच आहे. देवाचं बरं असतं. आपण तोंड उघडायच्या आधीच तो उंबऱ्यात येऊन उभा असतो. न्यायाचं तसं नाही. तिथं माणसाकरवी हाक मारावी लागते, आणि माणसाचाच घसा तो, कधी बसेल सांगता येत नाही. अशा एका बसलेल्या घशाची आणि त्यापायी एका रविवारी एकमेकांवर उठलेल्या तीन भावंडांची ही गोष्ट. मन लावून ऐका.

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. त्यांची खोली आवरायला तिघंही भावंडं आईकडे जमली होती. थोरला नुकताच निवृत्त झालेला शाळामास्तर. तो प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवत सुटला होता, खोली नव्हे, शाळेची प्रयोगशाळाच जणू. धाकटा बाबांच्याच कोर्टात बाबांच्याच जागेवर लागलेला, पुकारा करणारा शिपाई. आणि मधली ती, तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून बसलेली. बाबांचा आवाज उतरला तो तिच्यात. ती 'नंबर लागत नाही' म्हणाली तरी लोकांना लागल्यासारखंच वाटतं, असं थोरली वहिनी चिडवायची.

कपाट उघडलं आणि बाबांचा पट्टा हाती आला, पितळी बिल्ल्याचा. धाकट्यानं तो बाहीनं पुसला. मग व्हायचं तेच झालं, कुणीतरी बाजाराची गोष्ट काढली. या घरात चौघं जमले आणि बाजाराची गोष्ट निघाली नाही, असं कधी झालंच नव्हतं.

मधली तेव्हा सात वर्षांची. रविवारच्या बाजारात थोरल्याच्या हातून तिचा हात सुटला आणि पोर गर्दीत नाहीशी झाली. बाबांनी चार तास गल्ली न् गल्ली हाका मारल्या. त्याही कशा, तर तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, अगदी कोर्टातल्यासारख्या. त्यांना दुसरी तऱ्हा येतच नव्हती. समन्स आलं समजून दोन दुकानदारांनी फळ्या लावून घेतल्या. शेवटी गादीवाल्याच्या दुकानात, कापसाच्या गठ्ठ्यामागून ती डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "हजर."

"आणि हा दीडशहाणा तिथं काय करत होता," वहिनीनं नवऱ्याकडे बोट केलं, "तर भोवरे बघत उभा."

"पंधरा वर्षांचा होतो गं मी."

"पंधराव्या वर्षी जे हातातून सुटलं ते अजून सुटतंयच."

सगळे हसले. आई खिडकीशी मटार सोलत होती, तीसुद्धा. मधली मात्र हसली नाही. गेले दहा दिवस ही गोष्ट तिला नुसती आठवली तरी छातीत कळ यायची. तिनं पिशवीतून एक लिफाफा काढला आणि बाबांच्या पलंगावर ठेवला.

मानवी हक्क आयोगाचं पत्र होतं ते. पूर्वी तक्रारदाराचं म्हणणं न ऐकताच ज्या तक्रारी निकालात निघाल्या, त्या पुन्हा तपासायचं काम आयोगानं हाती घेतलं होतं. त्यातली एक त्रेचाळीस वर्षांपूर्वीची. गिरणीतल्या एका बॉयलरवाल्याला चोरीच्या संशयावरून चौकीत तीन दिवस कोंडून मारलं होतं. त्याचा उजवा कान कायमचा गेला. आरोप काही ठेवला नाही, सोडून दिलं. त्यानं दाद मागितली. पण सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलं गेलं: तीनदा पुकारले, तक्रारदार गैरहजर, तक्रार निकाली. तो आजही सांगत होता की मी आलो होतो, मला हाक ऐकू आली नाही. समोरच्यांचं, म्हणजे पोलिसांचं, उत्तर असं की, तक्रारदार बहिरा असेल तर त्यात कोर्टाचा काय दोष? ज्यांच्या मारानं कान गेला, त्यांनीच आता त्या कानाचं निमित्त पुढं केलं होतं. आयोगाला एवढंच विचारायचं होतं: त्या दिवशी पुकारा करणाऱ्या शिपायाची काही टिपणं घरच्यांकडे असतील काय? सुनावणी येत्या गुरुवारी.

"टिपणं," थोरला म्हणाला, "म्हणजे त्या डायऱ्या."

बाबा रोज रात्री एक ओळ लिहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या खिशातल्या डायऱ्या वर्षावार लावलेल्या होत्या. मधलीनं डबा आधीच उघडला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून दोघांनाही कळलं.

"काय लिहिलंय?" धाकट्यानं विचारलं.

तिनं वाचून दाखवलं. तो आवाज बाबांचाच वाटला, म्हणून जास्त अवघड गेलं. "घसा पार गेलेला. दारातून तीनदा हाक, मलाच ऐकू आली नाही. बॉयलरवाला गैरहजर लिहिला. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरलो तर तो झाडाखाली बसलेला. बरोबर त्याची म्हातारी, साक्षीला आलेली. मला विचारते, आमची हाक कधी?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग धाकट्याच्या अंगात त्याचा पट्टा संचारला. त्याचं म्हणणं असं की, नियम तीन हाकांचा आहे आणि बाबांनी तीन हाका मारल्या. आवाज किती मोठा हवा, हे नियमात कुठं आहे? आणि मुख्य गोष्ट त्यानं शेवटी काढली. येत्या शनिवारी कोर्टातली मंडळी जिन्याच्या पायथ्याशी बाबांच्या नावाची पाटी लावणार होती. सगळं जुळवलं होतं त्यानंच. कारण बाबांची ख्यातीच तशी. इतर शिपाई कोर्टाच्या दारात उभे राहून तीन हाका लागोपाठ फेकत. बाबा पहिली हाक दारात मारत, दुसरी व्हरांड्यात, आणि तिसरीला बावीस पायऱ्या उतरून झाडाखाली जात. वर यायला भिऊन गरिबाघरची माणसं तिथंच बसलेली असत. विचारलं तर बाबा म्हणायचे, कायद्यापुढं सगळे सारखे असतील, जिना सगळ्यांना सारखा नसतो. पाटीवर मजकूर ठरला होता: पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत तिसरी हाक येथे दिली.

"आणि ताई, तू गुरुवारी जाऊन सांगणार की नाही दिली?"

थोरल्यानं त्याचीच बाजू घेतली. रोजनाम्यात जे लिहिलंय ते लिहिलंय, आपण कशाला उकरा, असं त्याचं नेहमीचं मास्तरी धोरण. वहिनी म्हणाली, मेलेल्या माणसाला कशाला पिंजऱ्यात उभं करता? तीन विरुद्ध एक असा मामला झाला. मधलीला वाटलं, आपण पुन्हा त्या गठ्ठ्यामागं बसलो आहोत आणि या वेळी कुणी शोधायला येत नाही.

"आदल्या दिवशीची ओळ ऐका," ती म्हणाली.

"कशाला?"

"ऐका तरी. 'पोर सापडली. देवा, तू आहेस.'"

थोरल्याच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. आदला दिवस म्हणजे तो रविवार. चार तासांच्या हाका. सगळा घसा त्या बाजारात सांडला आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या दारात त्यातलं काही उरलं नव्हतं. त्रेचाळीस वर्षं ज्या गोष्टीवर हे घर हसत आलं, तिचं दुसरं पान हे होतं.

थोरला पलंगावर बसला. बराच वेळ आपल्या उजव्या तळव्याकडे बघत राहिला. "हात मी सोडला होता," तो म्हणाला. वहिनीनं आता चिडवलं नाही. ती उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. मग हळूच मधलीला म्हणाली, "वन्सं, गुरुवारी हे येतील तुमच्याबरोबर."

मामला उलटून पुन्हा तीन विरुद्ध एक झाला तसा धाकटा चवताळला. पण तो बाबांचा लेक, चवताळला तरी मुद्द्याचंच बोलला. "ठीक आहे. त्या माणसाला गैरहजर ठरवून निकाल दिला, हा अन्याय. कबूल. मग बाबा हजर आहेत का? त्यांना कोण विचारणार, असं का केलंत म्हणून? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर ठपका ठेवायचा आणि त्याला न्याय म्हणायचं? तेच तर झालं ना त्याच्या बाबतीत."

दहा दिवस मधलीची झोप याच प्रश्नानं उडवली होती.

आईनं मटारांचं ताट बाजूला ठेवलं.

"त्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी. बोलता येत नव्हतं, तर तुझी पाटी घेतली," तिनं मधलीकडे पाहिलं, "आणि तिच्यावर लिहिलं, सगळं. आणि खाली लिहिलं, उद्या साहेबांना जाऊन सांगतो, हाक नीट गेली नाही."

"मग?"

"नोकरी कायम झाली नव्हती. हा दोन वर्षांचा, अंगावर पिणारा. मी म्हटलं, गप्प राहा. आणि पाटी पुसून टाकली." तिनं पदरानं हात पुसले, स्वच्छच होते तरी. "तुला त्यांची बाजू हवी ना? डब्यात आहे. पुढचं वाच गं."

मधलीनं पानं उलटली. मंगळवार: "हिचं न ऐकता कारकुनाला सांगितलं. म्हणाला, साहेबांची सही झाली, आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही." बुधवार: "गिरणीत गेलो. त्याला कामावरून काढलंय. पत्ता कुणी देईना." आणि गुरुवार, पेन्सिल दाबून लिहिलेलं: "आजपासून तिसरी हाक खाली."

आजपासून. म्हणजे पहिल्या दिवसापासून नव्हे. ज्या सवयीसाठी गाव बाबांना ओळखत होतं, ती त्यांना उपजत नव्हती. एका म्हातारीच्या प्रश्नातून ती जन्मली होती. आणि मग वर्षानुवर्षं, दरवर्षी त्या तारखेला तेच दोन शब्द: "शोध चालू." शेवटची नोंद गेल्या वर्षीची होती. अक्षर थरथरलेलं.

"मी एकदा पुसलं," आई म्हणाली. "तुम्ही पुसू नका."

धाकट्यानं पट्टा पलंगावर ठेवला आणि चप्पल घालून निघून गेला. जेवायलाही आला नाही.

गुरुवारी आयोगाच्या इमारतीत लिफ्ट बंद होती. खाली बाकड्यावर माणसं बसलेली, कुणी पंख्याखाली जागा धरून, कुणी कागद पोटाशी धरून. मधली आणि थोरला आईला दोन्ही बाजूंनी धरून तिसऱ्या मजल्यावर पोचले, तोवर आईनं प्रत्येक वळणावर थांबून इमारत बांधणाऱ्याचा उद्धार केला होता. वर लहानशी खोली, लांब टेबल, एक बाई अध्यक्ष म्हणून बसलेल्या, समोरच्यांचे वकील चष्मा पुसत असलेले. धाकटा नव्हता. मधलीनं दोनदा दाराकडे पाहिलं आणि मग पाहायचं सोडलं.

दारातल्या मुलीनं कागदावरून पुकारा केला. "तक्रार क्रमांक सतरा." आवाज गोड होता, पण मोरीतही ऐकू गेला नसता. कुणी उठलं नाही. तिनं पुन्हा तेच म्हटलं, तितक्याच गोडव्यानं. वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं. तीच दारातली हाक, तेच रिकामं दार, आणि खाली बाकड्यावर बसलेलं कोण कोण मधलीच्या डोळ्यांपुढून गेलं. ती उठलीच होती, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

धाकटा होता. साधा सदरा, पट्टा नाही. वर येता येता दुसरी हाक त्यानं ऐकली असावी, कारण खोलीत शिरलाच नाही. तिथूनच वळला आणि उतरू लागला. एक मजला, दुसरा मजला, तळापर्यंत. मग त्या सगळ्या जिन्यातून हाक वर चढत आली. क्रमांक नव्हे. त्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, प्रत्येक अक्षर वेगळं, सावकाश, जसं बाबा म्हणायचे तसं. आईनं डोळे मिटून घेतले.

मग खालून एक म्हातारा, चिरका आवाज आला.

"हजर. हजर आहे मी."

त्या दोघांना वर यायला बराच वेळ लागला. धाकट्यानं त्याचं कोपर धरलं होतं आणि तोंड त्याच्या डाव्या कानाशी ठेवून तो प्रत्येक वळणावर म्हणत होता, सावकाश काका, आता तुमच्याशिवाय सुरू होत नाही. बॉयलरवाल्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोचकं होतं. त्यात तो सदरा होता, त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा, मानेवर डाग वाळलेला. त्याच्या आईनं तो धुवू दिला नव्हता.

डायरी टेबलावर गेली. अध्यक्षबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्म्यावरून मधलीकडे पाहिलं. "हे तुमच्या वडिलांच्या विरुद्ध जातं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मधली म्हणाली. "पण साक्ष त्यांचीच आहे. मी फक्त मोठ्यानं वाचली."

वकिलांनी अक्षराबद्दल विचारलं, शाईबद्दल विचारलं, पेन्सिल मध्येच का आली तेही विचारलं. धाकट्याच्या मुठी वळल्या, पण बाईंनी त्यांना सगळं विचारू दिलं. त्यांचंही म्हणणं पुरतं ऐकलं पाहिजे, नाहीतर आपण तीच चूक दुसऱ्या बाजूनं करू, असं त्या म्हणाल्या. मग निर्णय सांगितला. कोण खरं, कोण खोटं, याचा नव्हे. एवढाच, की तक्रारदार त्या दिवशी हजर होता, त्याला ऐकलं गेलं नाही, आणि तक्रार पहिल्यापासून पुन्हा ऐकली जाईल. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. खालच्या मजल्यावर.

उतरताना मधली मुद्दाम म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूनं चालली. तीस वर्षं परक्या माणसांच्या कानात बोलण्यात गेली होती, पण हे वाक्य तिला धड जुळवता येईना. शेवटी म्हणाली, "काका, त्या दिवशी बाबांचा आवाज माझ्यामुळं गेला होता. आदल्या दिवशी मी बाजारात हरवले होते."

तो थांबला. "सापडलात ना?"

"सापडले."

"मग झालं तर." दोन पायऱ्या उतरून तो पुन्हा थांबला, आणि हसला, दात नसलेलं, बोळकं हसू. "खाली आले होते तुमचे बाबा. हात जोडून उभे राहिले, तोंड हलतंय आणि आवाज नाही. मी आईला म्हटलं, मुक्या माणसाला हाका मारायला ठेवतात, ही कसली गं कचेरी."

आईला हसू आवरेना, आणि मग तेच हसू डोळ्यांतून वाहू लागलं. "आणि तुझी आई काय म्हणाली रे?" तिनं विचारलं.

"ती म्हणाली, बस. बोलावतील. संध्याकाळी दार लागलं तरी उठेना. पुढं नऊ वर्षं होती, अधूनमधून म्हणायची, अरे, आपली हाक व्हायची राहिलीय."

शनिवारी पाटी लागली. धाकटा आदल्या दिवशी रंगाऱ्याकडे जाऊन 'पहिल्या दिवसापासून' एवढे दोन शब्द खरवडून आला होता. रंगारी कुरकुरला, मजकुरात भोक पडल्यासारखं दिसतंय म्हणाला. दिसू दे, धाकटा म्हणाला. तिथली जागा आजही मोकळी आहे. नवखा माणूस विचारतो, इथं काय होतं? मग धाकटा दुपारच्या सुट्टीत पायरीवर बसतो आणि पहिल्यापासून सांगतो; बाजार, कापूस, पाटी, सगळं. तिसऱ्या हाकेची वेळ झाली की मध्येच उठून झाडाखाली जातो.

तर मंडळी, बाबांची आठवण त्यांची माणसं ठेवतील, त्यांना पाटी आहे. बॉयलरवाल्याला आता तारीख मिळाली आहे. तुम्ही आठवण ठेवा ती त्या म्हातारीची, मांडीवर लेकाचा सदरा घेऊन झाडाखाली बसलेलीची. तुमचं नाव कुठंही कुणी घेतलं आणि तुम्ही 'हजर' म्हणालात, की क्षणभर तिला आठवा. तिला कुणी हाक मारली नाही.